३७ (संख्या)

३७ (सदतीस) ही ३६ नंतरची आणि ३८ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. ती विषम असून मूळ संख्यांच्या क्रमात बारावी आहे. १११, २२२, ३३३ पासून ९९९ पर्यंत, तिन्ही अंक सारखे असलेल्या प्रत्येक संख्येला ३७ ने निःशेष भाग जातो. या गुणधर्मामुळे ती शालेय अंकगणितात परिचित आहे. उच्च गणितात तिचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. ती सर्वांत लहान अनियमित मूळ संख्या असून, फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची एर्न्स्ट कुमर यांनी १९व्या शतकात दिलेली सिद्धता प्रथम याच संख्येपाशी अडली. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांची प्रचलित गणनाही ३७ आहे.

३७ चे गुणधर्म दोन गटांत पडतात. काही गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्याही लिपीत किंवा पद्धतीत लिहिली तरी ते बदलत नाहीत. इतर गुणधर्म ती दशमान स्थानमूल्य पद्धतीत लिहिली जाते म्हणून दिसतात. लोकप्रिय गुणधर्म बहुतांशी दुसऱ्या गटातील, तर गणिताच्या इतिहासात निर्णायक ठरलेले गुणधर्म पहिल्या गटातील आहेत.

नाव आणि लेखन

'सदतीस' हे नाव संस्कृत 'सप्तत्रिंशत्' या शब्दापासून प्राकृतमार्गे आले आहे. उच्चारात एककाचा वाचक शब्द आधी आणि दशकाचा नंतर येतो, म्हणजे 'सात' आणि मग 'तीस'. लेखनात क्रम उलटा होऊन दशकाचा ३ आधी व एककाचा ७ नंतर येतो. बोलणे आणि लिहिणे यांतील हा विपर्यय लहान मुलांना संख्या शिकताना अडचणीचा ठरतो. हे लक्षात घेऊन बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात दशक आधी उच्चारण्याची रीत दिली. तिच्यानुसार ३७ चे वाचन 'तीस सात' असे होते. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली आणि त्यावर राज्यभर बरीच चर्चा झाली.

हा विपर्यय अलीकडचा नाही. कार्ले येथील एका ब्राह्मी शिलालेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाच्या कारकिर्दीचे चोविसावे वर्ष शब्दांत आणि चिन्हांत असे दोन्ही प्रकारे नोंदवले आहे. प्राकृत शब्दात 'चार' आधी व 'वीस' नंतर आहे. चिन्हांत मात्र २० चे चिन्ह आधी आणि ४ चे नंतर कोरलेले आहे. हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील असून नऊ खोल्यांच्या मंडपाच्या दानाविषयी आहे. बोलताना एकक आधी व लिहिताना दशक आधी, ही सवय मावळात तेव्हापासून दिसते.

ब्राह्मी अंकलेखनात स्थानमूल्य नव्हते. १ ते ९ या संख्यांसाठी नऊ चिन्हे आणि १०, २०, ३० पासून ९० पर्यंतच्या दशकांसाठी आणखी नऊ स्वतंत्र चिन्हे होती; १०० व १००० यांचीही वेगळी चिन्हे होती. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या शिलालेखातही हीच पद्धत वापरलेली आहे. या पद्धतीत ३७ लिहायचे तर ३० चे एक चिन्ह आणि ७ चे एक चिन्ह लागते. १११ लिहायचे तर १००, १० आणि १ यांची तीन भिन्न चिन्हे लागतात. त्यामुळे '३७ ची तिप्पट म्हणजे तीन सारखे अंक' हे वैशिष्ट्य त्या लेखनात डोळ्यांना दिसणारच नाही. ३७ ही मूळ संख्या आहे हे मात्र त्या काळीही तितकेच खरे होते.

कार्ले येथील स्तंभ

कार्ले (प्राचीन नाव वलुरक) येथील चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठ्या खोदीव चैत्यगृहांपैकी एक आहे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर, तर रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर आहे. मधला प्रशस्त भाग व बाजूच्या अरुंद वाटा यांच्यामध्ये स्तंभांच्या रांगा आहेत. डावीकडे १५, उजवीकडे १५ आणि स्तूपामागील अर्धवर्तुळात ७ अशी एकूण संख्या ३७ होते. दोन्ही बाजूंच्या बहुतेक स्तंभांना घटाच्या आकाराची बैठक व घंटेच्या आकाराचे शीर्ष असून त्यांवर हत्तींवर बसलेली युगुले कोरली आहेत. मागील सात स्तंभ साधे अष्टकोनी आहेत. त्यांना बैठक नाही आणि शीर्षही नाही.

प्रवेशद्वाराजवळील सज्जाखाली आणखी चार स्तंभ आहेत. ते धरल्यास एकूण संख्या ४१ होते. ३७ आणि ४१ या लागोपाठच्या मूळ संख्या असल्या, तरी त्यावरून खोदणाऱ्यांच्या हेतूविषयी काही निष्कर्ष काढता येत नाही. स्तंभांची संख्या मंडपाची लांबी, दोन स्तंभांमधील अंतर आणि मागील अर्धवर्तुळाची मांडणी यांवर ठरते. दोन्ही बाजू सारख्या ठेवून अर्धवर्तुळात विषम संख्येने स्तंभ उभे केले, की एकूण संख्या विषमच येते.

कार्ल्याच्या समोर, मळवलीच्या बाजूला असलेल्या भाजे येथील अधिक प्राचीन चैत्यगृहात २७ अष्टकोनी स्तंभ आहेत. २७ आणि ३७ यांचा गुणाकार ९९९ होतो. हाही निव्वळ योगायोग आहे, पण पुढे दिलेल्या दशमान गुणधर्मांचा मूळ आधार असलेले समीकरण लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे.

मूलभूत गुणधर्म

३७ ला १ आणि ३७ यांव्यतिरिक्त कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. हे पडताळण्यासाठी केवळ २, ३ आणि ५ यांनी भागून पाहणे पुरते, कारण पुढील मूळ संख्या ७ हिचा वर्ग ४९ हा ३७ पेक्षा मोठा आहे. ३७ ला ७ किंवा त्याहून मोठा अवयव असता, तर दुसरा अवयव ७ पेक्षा लहान असावा लागला असता आणि तो आधीच सापडला असता. वस्तूंच्या भाषेत सांगायचे तर ३७ खांब, ३७ नाणी किंवा ३७ विद्यार्थी समान संख्येच्या अनेक रांगांत मांडता येत नाहीत; प्रत्येक वेळी काही शिल्लक राहते. कार्ल्याची १५, १५ व ७ ही मांडणी असमान रांगांची आहे.

३७ च्या दोन्ही बाजूंच्या विषम संख्या ३५ (५ × ७) आणि ३९ (३ × १३) संयुक्त आहेत. म्हणून ३७ ही जुळ्या मूळ संख्यांच्या कोणत्याही जोडीत येत नाही.

३७ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी बाकी देणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते, हे फर्माच्या नावाने ओळखले जाणारे एक प्रमेय आहे. ३७ साठी ती मांडणी १ + ३६, म्हणजे १ चा वर्ग आणि ६ चा वर्ग अशी आहे. दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात ती १९ चा वर्ग उणे १८ चा वर्ग, म्हणजे ३६१ − ३२४, अशी एकाच प्रकारे मांडता येते.

आकृतिसंख्या

३७ ही केंद्रित षटकोनी संख्या आहे. एका ठिपक्याभोवती ६, त्याभोवती १२ आणि त्याभोवती १८ ठिपके मांडले असता नियमित षटकोन तयार होतो आणि १ + ६ + १२ + १८ = ३७ होतात. महाराष्ट्रात काढल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या रांगोळीत ही आकृती नेहमी आढळते. मधल्या ओळीत ७ ठिपके देऊन दोन्ही बाजूंना, आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्यावर ठिपका येईल अशा रीतीने, ४ ठिपक्यांपर्यंत उतरत जाणाऱ्या '७ ते ४' रांगोळीत ४ + ५ + ६ + ७ + ६ + ५ + ४ असे नेमके ३७ ठिपके असतात.

हीच संख्या लागोपाठच्या दोन घनांतील फरकही आहे. ४ चा घन ६४, ३ चा घन २७ आणि त्यांची वजाबाकी ३७. याचे कारण आकृतीतच आहे. बाजूला चार-चार ठोकळे असलेल्या मोठ्या घनाच्या एका कोपऱ्यातून तीन-तीनचा घन काढून घेतला, तर उरलेल्या तीन भिंतींत ३७ ठोकळे राहतात. त्या कवचाकडे कोपऱ्याच्या दिशेने पाहिले असता ते ठोकळे षटकोनाच्या आकारात दिसतात.

३७ ही तारासंख्याही आहे. १९ ठिपक्यांच्या षटकोनाच्या सहा बाजूंवर तीन-तीन ठिपक्यांचे त्रिकोण ठेवले, की ३७ ठिपक्यांची सहा टोकांची चांदणी होते. पुढची तारासंख्या ७३ आहे. १ सोडल्यास, षटकोन आणि चांदणी या दोन्ही आकारांत मांडता येणारी सर्वांत लहान संख्या ३७ आहे. त्यानंतरची १२६१ आहे.

दशमान पद्धतीतील गुणधर्म

या विभागातील बहुतेक सर्व गुणधर्म ३७ × २७ = ९९९ या एका समीकरणातून निघतात. ९९९ ही १००० पेक्षा एकाने लहान आहे आणि १००० म्हणजे १० चा घन. दशमान पद्धतीत ९ ने भाग जाण्याची कसोटी सोपी असते, कारण ९ ही १० पेक्षा एकाने लहान आहे. त्याच कारणाने तीन-तीन अंकांचे गट पाडल्यास ३७ ची कसोटीही सोपी होते.

सारखे अंक. ३७ × ३ = १११ असल्यामुळे ३७ ला ६, ९, १२ पासून २७ पर्यंत ३ च्या पटींनी गुणले असता अनुक्रमे २२२, ३३३, ४४४ पासून ९९९ पर्यंतच्या संख्या मिळतात. तिन्ही अंक सारखे असलेल्या कोणत्याही संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भागले की भागाकार ३७ च येतो. उदाहरणार्थ, ५५५ ला १५ ने किंवा ८८८ ला २४ ने भागून पाहावे.

विभाज्यतेची कसोटी. दिलेल्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्या गटांची बेरीज करावी. बेरजेला ३७ ने भाग जात असेल तर मूळ संख्येलाही जातो. ४५,७३२ या संख्येत गट ४५ आणि ७३२ असे आहेत. त्यांची बेरीज ७७७ असून ती ३७ ची २१ पट आहे. म्हणून ४५,७३२ लाही ३७ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १२३६ येतो.

अंकांचे चक्रभ्रमण. ३७ ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्येचा पहिला अंक उचलून शेवटी ठेवला, तरी नव्या संख्येला ३७ ने भाग जातो. १४८ पासून ४८१ आणि ८१४ मिळतात. त्या ३७ च्या अनुक्रमे ४, १३ आणि २२ पटी आहेत. १८५, ८५१ व ५१८ यांचेही तसेच आहे. पहिला अंक शेवटी नेणे म्हणजे संख्येला १० ने गुणून त्यातून पहिल्या अंकाची ९९९ पट वजा करणे होय. ९९९ ला ३७ ने भाग जात असल्याने विभाज्यता टिकून राहते.

आवर्ती दशांश. १ ला ३७ ने भागल्यास ०.०२७०२७०२७... आणि १ ला २७ ने भागल्यास ०.०३७०३७०३७... मिळते. दोन्ही संख्या एकमेकींच्या आवर्ती अंकगटात दिसतात, कारण १/३७ हा २७/९९९ आणि १/२७ हा ३७/९९९ इतका आहे. ज्या मूळ संख्येच्या व्यस्तात नेमके तीन अंक पुन्हा पुन्हा येतात अशी एकमेव मूळ संख्या ३७ आहे. ९९९ चे मूळ अवयव ३ आणि ३७ हे दोनच आहेत, आणि १/३ मध्ये एकच अंक पुन्हा येतो.

अंकांची उलटापालट. ३७ चे अंक उलटे केल्यास ७३ ही मूळ संख्याच मिळते. ३७ ही बारावी, तर ७३ ही एकविसावी मूळ संख्या आहे. म्हणजे त्यांचे क्रमांकही एकमेकांचे उलटे आहेत. ३७ मधील कोणताही एक अंक पुसला तरी उरलेला अंक, ३ किंवा ७, मूळ संख्याच असतो.

कापरेकर संख्या आणि ३७

नाशिकजवळील देवळाली येथील शाळेत अध्यापन करणारे गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर परिचित आहे. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्यां'चा ३७ शी थेट संबंध आहे. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केली असता मूळ संख्या परत मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. तीन अंकी कापरेकर संख्या तीन आहेत: २९७, ७०३ आणि ९९९. २९७ चा वर्ग ८८,२०९ असून ८८ + २०९ = २९७ होतात. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९ असून ४९४ + २०९ = ७०३ होतात.

या संख्या नेमक्या तीनच का, याचे उत्तर ९९९ च्या अवयवांत आहे. संख्या क असेल आणि तिच्या वर्गाचा डावा भाग ख व उजवा तीन अंकी भाग ग असेल, तर वर्ग म्हणजे १००० × ख + ग. अट अशी की ख + ग = क. पहिल्या समीकरणातून दुसरे वजा केल्यास क × (क − १) = ९९९ × ख असे मिळते. म्हणजेच क आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकारात २७ आणि ३७ हे दोन्ही अवयव असले पाहिजेत. लागोपाठच्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक अवयव नसतो, त्यामुळे २७ संपूर्णपणे एकीत आणि ३७ संपूर्णपणे एकीत असावा लागतो. मग पुढील शक्यता उरतात.

क ला २७ ने आणि क − १ ला ३७ ने भाग जात असेल, तर २९७ (२७ × ११) आणि २९६ (३७ × ८) ही जोडी मिळते.

क ला ३७ ने आणि क − १ ला २७ ने भाग जात असेल, तर ७०३ (३७ × १९) आणि ७०२ (२७ × २६) ही जोडी मिळते.

दोन्ही अवयव क मध्येच असतील, तर क = ९९९. दोन्ही अवयव क − १ मध्ये असतील, तर तीन अंकी उत्तर मिळत नाही.

७०३ हिचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती १ पासून ३७ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज, म्हणजे सदतिसावी त्रिकोणी संख्या आहे.

कापरेकरांनी मांडलेल्या 'स्वयंभू संख्या' या कल्पनेनुसार, जी संख्या कोणत्याही दुसऱ्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती स्वयंभू. ३७ ही स्वयंभू नाही, कारण ३२ मध्ये ३ व २ यांची बेरीज मिळवली की ३७ होतात.

इतर पायांतील रूप

दहाऐवजी दुसरा पाया घेतल्यास ३७ चे रूप बदलते. द्विमान पद्धतीत ती १००१०१, सहाच्या पायात १०१ आणि बाराच्या पायात ३१ अशी लिहिली जाते. या पद्धतींत १/३७ चा आवर्ती गटही वेगळ्या लांबीचा होतो. दहाच्या पायात तो ३ अंकांचा, सहाच्या पायात ४ अंकांचा, बाराच्या पायात ९ अंकांचा आणि द्विमान पद्धतीत ३६ अंकांचा असतो.

लांबी पायागणिक बदलत असली, तरी ३, ४, ९ आणि ३६ या सर्व संख्यांनी ३६ ला भाग जातो. हा योगायोग नाही. फर्माच्या 'लहान प्रमेया'नुसार, ३७ ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा ३६वा घात ३७ ने भागल्यास बाकी १ उरते. आवर्ती गटाची लांबी म्हणूनच कोणत्याही पायात ३६ चा विभाजकच असते. दशमान पद्धतीतील तीन अंकांचा गट हा लेखनाचा परिणाम आहे; त्यामागील ३६ चे बंधन ३७ च्या मूळ असण्याचा परिणाम आहे.

अनियमित मूळ संख्या

दोनपेक्षा मोठा कोणताही घातांक घेतला, तर दोन धन पूर्णांकांच्या त्या घातांची बेरीज तिसऱ्या धन पूर्णांकाच्या त्याच घाताइतकी होऊ शकत नाही, हे पियेर द फर्मा यांचे १७व्या शतकातील विधान 'फर्माचे शेवटचे प्रमेय' म्हणून प्रसिद्ध आहे. ते सिद्ध करण्यासाठी घातांक ४ असताना आणि घातांक विषम मूळ संख्या असताना ते खरे आहे एवढे दाखवणे पुरते.

१८४७ साली गाब्रिएल लामे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे या प्रमेयाची सिद्धता मांडली. तिच्यात घातांच्या बेरजेचे अवयव पाडण्यासाठी पूर्णांकांचे क्षेत्र विस्तारून काही संमिश्र संख्यांचा वापर केला होता. नेहमीच्या पूर्णांकांत प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, आणि विस्तारित क्षेत्रातही तसेच घडते असे या सिद्धतेत गृहीत धरले होते. कुमर यांनी आधीच दाखवून दिले होते की हे गृहीत नेहमी खरे नसते. घातांक २३ असताना ते प्रथम ढळते.

कुमर यांनी ही उणीव भरून काढण्यासाठी 'आदर्श संख्यां'ची कल्पना मांडली आणि प्रत्येक मूळ घातांकाशी एक पूर्णांक जोडला. अवयवांची एकमेवता किती ढळली आहे याचे हा पूर्णांक माप देतो. येथे त्याला वर्गांक म्हटले आहे. एकमेवता पूर्णपणे टिकून असेल तर वर्गांक १ असतो. एखाद्या मूळ संख्येने तिच्या वर्गांकाला भाग जात नसेल तर ती 'नियमित', आणि जात असेल तर 'अनियमित'. सर्व नियमित मूळ घातांकांसाठी फर्माचे प्रमेय खरे आहे, हे कुमर यांनी सिद्ध केले. त्यांची सिद्धता १८५० साली प्रकाशित झाली.

घातांक १९ पर्यंत वर्गांक १ आहे. २३ चा वर्गांक ३, २९ चा ८ आणि ३१ चा ९ आहे. या तिन्ही ठिकाणी एकमेवता ढळलेली असली, तरी मूळ संख्येने वर्गांकाला भाग जात नाही, त्यामुळे कुमर यांची सिद्धता लागू पडते. ३७ चा वर्गांक मात्र नेमका ३७ च आहे. त्यामुळे सर्वांत लहान अनियमित मूळ संख्या ३७ ठरते आणि ही सिद्धता प्रथम येथे थांबते. १०० पेक्षा लहान अनियमित मूळ संख्या तीनच आहेत: ३७, ५९ आणि ६७.

वर्गांक काढणे कठीण असल्याने कुमर यांनी नियमिततेची दुसरी कसोटी दिली. ती बर्नूली संख्यांवर आधारित आहे. या अपूर्णांकांचा उपयोग १ पासून पुढच्या संख्यांच्या घातांच्या बेरजेची सूत्रे लिहिताना होतो. श्रीनिवास रामानुजन यांचा १९११ साली प्रसिद्ध झालेला पहिला शोधनिबंध याच संख्यांवर होता. एखाद्या मूळ संख्येने, तिच्यापेक्षा तीनने लहान असलेल्या क्रमांकापर्यंतच्या सम क्रमांकांच्या बर्नूली संख्यांपैकी एकीच्या जरी अंशाला भाग गेला, तरी ती अनियमित असते. बत्तिसाव्या बर्नूली संख्येचा छेद ५१० आणि अंश (चिन्ह वगळून) ७७०९३२१०४१२१७ आहे. हा अंश ३७ × ६८३ × ३०५०६५९२७ असा विघटित होतो. ३७ ची अनियमितता या पहिल्या अवयवातून दिसते.

१८५७ साली कुमर यांनी ३७, ५९ आणि ६७ या घातांकांसाठी नवे निकष मांडले. त्यांतील काही त्रुटी पुढील काळात दूर कराव्या लागल्या. फर्माच्या प्रमेयाची सर्व घातांकांसाठीची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी १९९४ साली पूर्ण केली व ती १९९५ साली प्रकाशित झाली. अनियमित मूळ संख्या अनंत आहेत हे १९१५ साली सिद्ध झाले आहे. नियमित मूळ संख्याही अनंत आहेत का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

वेरिंगचा प्रश्न

प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त चार वर्गांच्या किंवा नऊ घनांच्या बेरजेने लिहिता येतो. वरच्या घातांसाठी अशी किती पदे पुरतात, हा एडवर्ड वेरिंग यांनी १८व्या शतकात उपस्थित केलेला प्रश्न आहे. पाचव्या घातासाठी हे उत्तर ३७ आहे. चिनी गणितज्ञ चेन जिंगरुन यांनी ते १९६४ साली सिद्ध केले. सहाव्या घातासाठी उत्तर ७३ आहे आणि ते त्यापूर्वीच, १९४० साली, भारतीय गणितज्ञ एस. एस. पिल्लई यांनी सिद्ध केले होते.

३७ पेक्षा कमी पाचवे घात सर्वत्र का पुरत नाहीत, हे २२३ या संख्येवरून कळते. ३ चा पाचवा घात २४३ असल्याने २२३ साठी केवळ १ आणि ३२ (२ चा पाचवा घात) हीच पदे वापरता येतात. सहा वेळा ३२ घेतल्यावर १९२ होतात आणि उरलेल्या ३१ साठी एकतीस वेळा १ घ्यावा लागतो. ६ आणि ३१ मिळून ३७ पदे होतात.

इतर क्षेत्रांत

रुबिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांक ३७ आहे.

एकट्याने खेळायच्या 'सॉलिटेअर' या खुंट्यांच्या खेळाच्या फ्रेंच पटावर ३७ छिद्रे असतात.

मानवी शरीराचे सर्वसाधारण तापमान ३७ अंश सेल्सिअस धरले जाते. हेच तापमान फॅरनहाइट मापात ९८.६ अंश होते. ३७ हा पूर्णांकात घेतलेला ढोबळ आकडा आहे, आणि ९८.६ मधील दशांश स्थान केवळ मापांतराच्या गुणाकारातून आलेले आहे. म्हणून त्या स्थानावरून मोजमापाच्या सूक्ष्मतेचा अंदाज बांधता येत नाही.